तांबे किंवा कोणीही चालेल

कारकुनाच्या लेखी माणसं दोनच प्रकारची. नमुन्यातल्या रिकाम्या जागेत मावणारी आणि न मावणारी. माझी सगळी नोकरी झाशीत, सिविल लाइंसमधल्या एका कचेरीत छापील नमुने भरून घेण्यात गेली. 'अर्जदार का नाम', पुढे टिंबं. 'पिता/पति का नाम', पुढे टिंबं. लोक टिंबांवर कधी थांबत नसत. एकाने 'व्यवसाय' या टिंबांवर 'साहब, आप तो सब जानते हैं' असं लिहिलं होतं. दुसऱ्या एकाने 'स्थायी पता' या जागी भावाने आपलं घर कसं बळकावलं याची हकीकत सुरू केली. जागा पुरेना, तेव्हा समासातून वर चढत चढत ती 'केवल कार्यालय उपयोग हेतु' या चौकटीत नेऊन संपवली आणि चौकटीत जागा उरली म्हणून तिथे 'अतः स्वीकृत किया जाए' हा हुकूमही स्वतःच्याच अक्षरात लिहून टाकला.

साहेबांनी त्याखाली सही केली. चौकटीतला मजकूर कार्यालयाचाच असणार, या विश्वासाने.

या प्रकाराला संगणकाच्या जगात एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात आणि तो थांबवण्यासाठी पॅरामीटर नावाची गोष्ट वापरतात, हे मला निवृत्तीनंतर पुतण्याकडून कळलं. शिकवणी फुकट होती, कारण त्याला संध्याकाळचा चहा आमच्याकडे लागतो.

झाशीत मराठी माणूस अठराव्या शतकापासून आहे. पेशव्यांनी नारो शंकरला सुभेदार नेमलं, त्याने किल्ला वाढवला, त्याच्यामागून नेवाळकर आले. सुभेदारी गेली, संस्थान गेलं, घरं मात्र राहिली. ती कुठे कुठे राहिली याची एक वही आमच्या मराठी मंडळाच्या चिटणीसांकडे असते. वहीत खाडाखोड फार. कोणी सीपरी बाजारातून सदर बाजारात गेलं, कोणी थेट बंगळूरला. म्हणून मंडळाने ठराव केला की यादी संकेतस्थळावर टाकावी, आणि 'खर्च शक्यतो करू नये' अशी दुरुस्ती लगेच मंजूर केली. दुरुस्तीबरहुकूम काम माझ्या पुतण्याकडे आलं.

त्याने पान झकास केलं. वर एक ड्रॉपडाउन: मोहल्ला निवडा. शेजारी एक चौकट: आडनाव लिहा. मग 'शोधा' असं बटण, आणि खाली आखीव तक्ता, ज्याला तो ग्रिडव्ह्यू म्हणतो. आपण चौकटीत काही लिहिलं की पडद्यामागे एक वाक्य तयार होतं, साधारण असं: 'कुटुंबे या तक्त्यातून, ज्यांचं आडनाव अमुक आहे, त्यांची माहिती काढ.' हे वाक्य डेटाबेसकडे जातं आणि उत्तर तक्त्यात येऊन बसतं. वाक्य म्हणतोय ते अगदी शब्दशः. आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी 1974 मध्ये अशी वाक्यं लिहायची एसक्यूएल ही भाषा मांडली ती मुळी याच हेतूने, की प्रोग्रामिंग न शिकलेल्या माणसालाही साध्या इंग्रजी वाक्यासारखा प्रश्न विचारता यावा. हेतू चांगला होता. पण प्रश्न वाक्यात विचारायचा म्हटला की त्या वाक्यात आपलं एखादं वाक्य मिसळून देणारे लोक येतातच. नमुना त्या बळकावलेल्या घराच्या मालकाचा.

पुतण्याने पहिल्या खेपेला वाक्य जोडकामाने बनवलं होतं. पहिला अर्धा भाग स्वतःचा, मधे चौकटीत जे काही लिहिलं असेल ते जसंच्या तसं, मग शेवटचा भाग. आडनाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे डेटाबेसला कळावं म्हणून दोन्ही बाजूंना एकेरी अवतरणचिन्ह. तांबे शोधले, तांबे आले. करकरे शोधले, करकरे आले. अध्यक्षांनी स्वतःचं आडनाव तीनदा शोधून पाहिलं आणि तिन्ही वेळा स्वतः सापडल्यावर समाधान व्यक्त केलं.

मग वसईचे एक डिसोझा आले. रेल्वेत बदलून झाशीला आलेले, घरात मराठी बोलणारे, गणपतीच्या वर्गणीत कधी मागे न राहणारे. यादी रोमन लिपीत केली होती, कारण नव्या पिढीचा हात त्या कळांवर बसलाय. आणि रोमन लिपीत त्यांच्या आडनावात 'डी' या अक्षरानंतर एक टिंबवजा शेपूट येतं. वसईच्या कित्येक मराठी घरांच्या आडनावांत ते आहे. 2020 साली उस्मानाबादला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं आडनावही इंग्रजीत त्याच शेपटीसह लिहिलेलं आढळतं. ते शेपूट म्हणजेच एकेरी अवतरणचिन्ह. डिसोझांनी चौकटीत आपलं आडनाव लिहून बटण दाबलं. डेटाबेसने 'डी' वाचला, पुढचं चिन्ह दिसताच आडनाव संपलं असं धरलं, आणि उरलेल्या 'सोझा'चं काय करायचं ते न कळून हात वर केले. पडद्यावर लाल अक्षरांचा मथळा, खाली फिक्या पिवळ्या पट्टीत प्रोग्रामच्या चार ओळी, आणि एक तक्रार: अवतरणचिन्ह बंद केलेलं नाही.

"मी काय केलं?" डिसोझांनी विचारलं.

"अंकल, आप का नाम..." पुतण्या एवढंच बोलला आणि थांबला. पुढचं वाक्य कुठल्याही भाषेत नीट लागत नाही.

डिसोझा भले गृहस्थ, म्हणून यादी पानावर राहिली. ज्याचं आडनाव साधं पण मन वाकडं आहे असा कोणी हेच चिन्ह मुद्दाम लिहितो. 'तांबे' लिहायचं, अवतरण स्वतःच बंद करायचं आणि पुढे जोडायचं, 'किंवा एक बरोबर एक'. आता वाक्य झालं: ज्यांचं आडनाव तांबे आहे किंवा एक बरोबर एक आहे, त्या सगळ्यांची माहिती काढ. एक बरोबर एक हे झाशीतही खरं असतं आणि पुण्यातही, त्यामुळे अख्खी यादी फोन नंबरांसकट बाहेर. याहून वाईट म्हणजे पुढे नवं वाक्यच सुरू करून 'तक्ता पुसून टाक' असं लिहिणं.

ही युक्ती 1998 च्या डिसेंबरात 'फ्रॅक' नावाच्या हॅकरमंडळींच्या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी मांडली. तेव्हापासून ती जगजाहीर आहे आणि तरी चालते, यावरून जगातले कारकून सगळीकडे सारखेच असावेत असं मला वाटतं. 2010 च्या स्वीडनच्या निवडणुकीत एका मतदाराने कागदी मतपत्रिकेवर पेनाने तक्ता पुसण्याची आज्ञा लिहिली. तिथे तेव्हा पक्षाचं नाव हाताने लिहायची मुभा होती आणि लिहिलेलं सगळं पुढे संगणकात चढवत. तक्ता पुसला गेला नाही, पण माणसाच्या चिकाटीला दाद द्यावी लागते. ब्रिटनमधली टॉकटॉक ही दूरसंचार कंपनी मात्र इतकी सुदैवी नव्हती. 2015 मध्ये याच मार्गाने तिच्या सुमारे 1 लाख 57 हजार ग्राहकांची माहिती गेली आणि पुढच्या वर्षी तिला 4 लाख पौंड दंड झाला.

दुसऱ्या खेपेला पुतण्याने जोडकाम टाकून दिलं आणि पॅरामीटर लावले. मला हे ऐकताना नोकरीत परत गेल्यासारखं झालं, कारण पॅरामीटर म्हणजे टिंबं. वाक्य आधी पूर्ण छापून घ्यायचं: 'ज्यांचं आडनाव टिंब टिंब आहे त्यांची माहिती काढ.' हे टिंबांसकट डेटाबेसकडे जातं, आणि तो आधी त्याचं व्याकरण लावून घेतो: कर्ता कोण, क्रियापद कुठलं, अट कोणती. वाक्याचा अर्थ तिथेच कायम होतो. टिंबांवर काय भरायचं ते वेगळ्या पाकिटात येतं. त्या पाकिटात आडनाव असो, हुकूम असो की भावाने बळकावलेल्या घराची हकीकत असो, डेटाबेस त्याला आडनावच समजतो, अर्थ लावायला जात नाही. 'अतः स्वीकृत किया जाए' असं कोणी लिहिलं तर तो त्या आडनावाचं कुटुंब शोधतो आणि सांगतो, असं कुटुंब झाशीत नाही. आमच्या साहेबांना एवढी बुद्धी असती तर एका माणसाचं घर वाचलं असतं. किंवा दुसऱ्याचं गेलं असतं, खरं-खोटं देव जाणे.

पुतण्या शिकला ती पद्धत मायक्रोसॉफ्टने 2005 मध्ये एएसपी डॉट नेट 2.0 बरोबर आणली. पानावर एसक्यूएल डेटासोर्स नावाचा न दिसणारा मध्यस्थ ठेवायचा आणि टिंबांवरची किंमत कुठून घ्यायची ते त्याला सांगून ठेवायचं. ड्रॉपडाउनमधून किंवा चौकटीतून आली तर ती कंट्रोल पॅरामीटर. पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्हाला लटकून आली तर क्वेरीस्ट्रिंग पॅरामीटर. लॉगिनच्या वेळी लक्षात ठेवलेली सेशन पॅरामीटर, ब्राउझरच्या खिशातली कुकी पॅरामीटर. आमच्या कचेरीतही अर्ज चार वाटांनी येत: खिडकीवर, टपालाने, साहेबांच्या ओळखीने आणि चहाच्या किटलीबरोबर. कुठल्या वाटेने आला त्यावर त्याचा वेग ठरे. मायक्रोसॉफ्टने ही सोय का ठेवली नाही ते कळत नाही.

नव्या पानाची परीक्षा आमच्या घरातच झाली. हिच्या माहेरकडच्या एका मुलीचं लग्न जमवायचं चाललंय, आणि यादीचा याहून थोर उपयोग हिला सुचत नाही. तिने लॅपटॉप पुढे ओढला, चष्मा चढवला आणि आडनावाच्या चौकटीत लिहिलं: 'तांबे किंवा कोणीही चालेल'. बटण दाबलं.

तक्त्यात काहीच आलं नाही.

"अरे, एवढ्या मोठ्या गावात एक मराठी घर नाही?" ती पुतण्यावर उखडली.

"काकू, तो 'तांबे किंवा कोणीही चालेल' या आडनावाचं घर शोधतोय."

"मग शोधू दे की! मी तेच सांगितलंय त्याला."

पुतण्या चहा विसरून हसायला लागला. जगातल्या वाकड्या मनाच्या लोकांना जे करायला चिन्हं, युक्त्या आणि रात्रीची जागरणं लागतात, ते हिने एका सरळ मराठी वाक्यात मागितलं होतं. 'किंवा एक बरोबर एक' आणि 'किंवा कोणीही चालेल' यांच्यात तर्काने काही फरक नाही, फरक आहे तो हेतूत. आणि पॅरामीटर हेतू पाहत नाही. घरात चाळीस वर्षांत हिला 'नाही' म्हणायची कोणाची टाप झाली नव्हती, ती त्याची झाली.

तिने मग निम्मं आडनाव लिहून पाहायची सवलत मागितली. पुतण्याने वाक्यात 'मागेपुढे काहीही चालेल' या अर्थाची टक्केचिन्हं घातली, पण घाईत टिंबंही अवतरणचिन्हांच्या आत ढकलली. त्यामुळे डेटाबेस दिवसभर ज्याच्या आडनावात खुद्द पॅरामीटरचंच नाव आहे अशा गृहस्थाचा शोध घेत राहिला. तो सापडला असता तर हिने त्याचीही पत्रिका मागवली असती.

आता मोहल्ल्याचं. आधी मोहल्लाही हाताने लिहायचा होता, पण एकट्या आमच्या वस्तीची नावं लोकांनी सिविल लाइंस, सिव्हिल लाइन्स, सिविल लाइन आणि एकाने नुसतंच 'इलाइट के पास' अशी लिहिली. इलाइट चौराहा इथल्या लोकांना पुरतो, डेटाबेसला नाही पुरत. त्यातून सिव्हिल लाइन्स एकटी झाशीची असती तरी बरं होतं. गोऱ्या अंमलदारांनी काळ्या शहरापासून अंतर राखून बंगले बांधले ते जिथे जिथे बांधले तिथे तिथे हेच नाव ठेवलं: नागपूरला, प्रयागराजला, दिल्लीला. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवन आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. आमच्याकडे मी आहे. शहराचा पॅरामीटर द्यायला विसरलात तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहाल सांगता येत नाही.

म्हणून ड्रॉपडाउन. त्यात गंमत अशी की दिसतं नाव आणि पाठवला जातो आकडा. तुम्ही 'सिव्हिल लाइन्स' निवडता, मागे जातं 3. उद्या महानगरपालिकेने वस्तीचं नाव बदललं तरी 3 हा 3 च. नाव लोकांसाठी, आकडा यंत्रासाठी, असा हा शहाणपणाचा संसार. रेल्वेला तो मान्य नसावा. 2021 च्या अखेरीस झाशी स्टेशनचं नाव राणीच्या नावावरून ठेवलं तेव्हा पाटीबरोबर यंत्राचा सांकेतिक शब्दही बदलला. पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसलेलं जेएचएस गेलं, व्हीजीएलबी आलं, मग त्याचं व्हीजीएलजे झालं. राणीच्या नावाला आमचा मुजराच आहे. पण तिकीट काढताना जेएचएस ठोकून 'अशी गाडीच नाही' म्हणणारे म्हातारे या गावात अजून आहेत.

सगळं मार्गी लागल्यावर शेवटची खोड निघाली, आणि ती मला मनापासून आवडली. मोहल्ला निवडला पण आडनाव रिकामं ठेवलं, की तक्ता गायब. सगळी कुटुंबं यायला हवी होती, निदान 'कोणी नाही' असा निरोप तरी. काहीच नाही. चूकही दाखवत नाही. पुतण्याने डेटाबेसच्या नोंदी उघडून पाहिल्या तर तिथे प्रश्न पोचलाच नव्हता.

कारण त्या मध्यस्थाच्या अंगी जन्मजात दोन सवयी आहेत. पहिली, रिकाम्या चौकटीला 'रिकामी' न म्हणता 'नल' म्हणायचं, म्हणजे किंमत नाहीच असं धरायचं. दुसरी, एक जरी पॅरामीटर नल असला तर अख्खा प्रश्नच रद्द करायचा आणि कोणाला काही बोलायचं नाही. हे ऐकताच मी खुर्चीत ताठ बसलो. हा तर आमच्या खात्याचा माणूस! अपूर्ण अर्ज आम्ही वर पाठवत नसू, परतही करत नसू. अर्जदार महिन्याने येऊन विचारी, "बाबूजी, क्या हुआ?" आणि आम्ही खऱ्या निरागसपणाने म्हणत असू, "देखना पड़ेगा." मायक्रोसॉफ्टने हा स्वभाव कुठल्या कचेरीत बसून टिपला असेल?

पुतण्याने दुसरी सवय मोडली आणि वाक्यात सवलत घातली, की आडनाव नल असेल तर ती अट सोडून द्यावी. पण नलची थट्टा फार करू नये. कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थाने हौसेने गाडीला 'नल' अशी नंबरप्लेट घेतली. जिथे जिथे पोलिसांच्या पावतीवर गाडीचा नंबर लिहायचा राहिला होता, त्या कोणाकोणाच्या पावत्या यंत्राने त्याच्या नावावर चढवल्या. एकंदर दंड 12 हजार डॉलरच्या घरात गेला.

आणि झाशीकराला तर नलचा धडा अमेरिकेतून घ्यायला नको. 1853 च्या 20 नोव्हेंबरला झाशीचे महाराज गंगाधरराव यांनी आनंदराव नावाच्या मुलाला दत्तक घेतलं आणि दामोदरराव असं नाव ठेवलं, आपल्या चार महिन्यांच्या वयात गेलेल्या मुलाचं. विधीला कंपनीचे मेजर एलिस हजर होते, महाराजांनी त्यांच्या हाती तसं पत्रही दिलं. दुसऱ्या दिवशी महाराज वारले. म्हणजे 'वारस' या रकान्यात नाव होतं, तारीख होती, सरकारी साक्षीदार होता. एवढा पूर्ण भरलेला नमुना मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही. गव्हर्नर जनरल डलहौसीने काय केलं? दत्तक म्हणजे नल, असं धरलं. आणि वारस नल म्हणून 1854 मध्ये अख्खं संस्थानच रद्द केलं. राणीने अर्जावर अर्ज केले, जॉन लँग या वकिलाला बोलावून सल्ला घेतला, एकेक मुद्दा खोडून दाखवला. पण पुतण्याने जी सवय एका टिचकीत मोडली ती कलकत्त्याच्या त्या यंत्रात मोडायची सोय नव्हती. तीन वर्षांनी झाशीने दुसरा उपाय केला, तो सर्वांना ठाऊक आहे.

आमचं पान आता सुरळीत चालतं. डिसोझा सापडतात, अध्यक्ष सापडतात, हिच्या माहेरच्या मुलीला स्थळ अजून सापडलेलं नाही, पण तो डेटाबेसचा दोष नव्हे.

तुमच्याही मंडळाने, पतपेढीने किंवा शाळेने कोणा भाच्या-पुतण्याकडून असं पान करून घेतलं असेल तर एक करा. त्याला चहा देण्यापूर्वी आडनावाच्या चौकटीत एक एकेरी अवतरणचिन्ह टाका आणि शोधा म्हणा. 'कोणी सापडलं नाही' असं सभ्य उत्तर आलं तर चहाबरोबर चिवडाही द्या. लाल अक्षरं आणि पिवळी पट्टी दिसली तर त्याला परत कामाला बसवा. मात्र हा प्रयोग आपल्याच पानावर करा, शेजारच्या मंडळाच्या नको. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मध्ये त्यासाठी कलम 66 आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.